तलंगा अंड्यावर येण्याआधी

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात २५ तलंगा आणि ३ कोंबडे आमच्या शेतावर आले. तेव्हा त्यांना आठ आठवडे पूर्ण झाले होते. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी; शहरातल्या वाचकांसाठी हे आधीच सांगून ठेवते. २५ आणि ३ हा हिशोब जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाच्या योजनेतला आहे. तिथं आठ-दहा आठवड्यांच्या तलंगांचा गट एवढाच देतात. मी योजनेतून घेतल्या नाहीत. पिल्लं दोन महिने सांभाळून विकणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून रोख पैसे मोजून घेतल्या. संख्या मात्र तीच ठेवली, कारण घरातली दोन माणसं बाकीची कामं सांभाळून एवढ्याच कोंबड्यांकडे नीट बघू शकतात. वीस ऱ्होड आयलंड रेड, विटकरी रंगाच्या, आणि पाच गिरिराज.

आमचं शेत शरणापूरजवळ, भांगसीमाता गडाच्या पायथ्याला आहे. छत्रपती संभाजीनगरातून दौलताबादकडे निघालं की छावणी, पडेगाव, मिटमिटा आणि मग आम्ही. पडेगावात पशुसंवर्धन खात्याचं अंडी उबवणी केंद्र आहे, छावणीत गुरुवारी बाजार भरतो, त्यामुळे या पट्ट्यात कोंबड्या कुणाला नव्या नाहीत. पिल्लं कशी जगवायची, मानमोडीची लस कधी द्यायची, उन्हाळ्यात पत्रा कसा झाकायचा, हे विचारलं तर दहा माणसं सांगतात. अंडं घालायची जागा कशी करायची हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. त्याची किंमत आधीच्या बारा कोंबड्यांनी दिली.

ती गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. खुराड्यावर आम्ही हात आखडता घेतला नव्हता. बारीक जाळी, वर पत्रा, पत्र्यावर उसाचं पाचट, पाण्याची नवी भांडी. अंड्यांसाठी एका कोपऱ्यात दोन जुनी घमेली लाकडाचा भुसा भरून ठेवली आणि झालं काम, असं धरून चाललो. कोंबड्या रात्री त्याच घमेल्यांत झोपायच्या. सकाळी बघावं तर भुसा दिसायचा नाही, नुसता विष्ठेचा थर.

एक दुपार मला अजून तशीच्या तशी दिसते. तांबूस पिसांची एक कोंबडी, पहिलटकरीण, खुराड्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत होती. घमेल्याजवळ यायची, मान वाकवून आत बघायची, परत फिरायची. जाळीच्या खालच्या पट्टीत डोकं घालून बाहेर निघायला बघायची. मध्येच थांबून एक आवाज काढायची, सुरुवातीला तुटक आणि मग लांब ओढलेला, कण्हल्यासारखा. भुकेचा आवाज मला ओळखू येत होता. घार दिसल्यावर काढतात तोही येत होता. हा त्यातला नव्हता. मी ज्वारीचे दाणे टाकले, तिनं ढुंकूनही बघितलं नाही. पाऊण तास ती अशी चालत राहिली. शेवटी पाण्याच्या भांड्याशेजारी ओल्या जमिनीवर, बाकीच्यांच्या पायांत, बसली. उठली तेव्हा अंडं बाहेर पडलं होतं. ते घरंगळलं, दुसरीनं चोच मारली, कवच पातळ होतं, फुटलं. चार जणी धावल्या. मिनिटभरात तिथं ओला डाग तेवढा राहिला. ती तांबूस कोंबडी बाजूला उभी राहून पिसं झटकत होती.

कोंबडीला एकदा अंड्याची चव लागली की ती सुटत नाही. त्या बारांपैकी तिघी कायमच्या अंडी फोडणाऱ्या झाल्या. उरलेल्यांनी आपापला मार्ग काढला. संध्याकाळी मोकळ्या सोडायचो तेव्हा त्या तुराट्यांच्या गंजीत शिरायच्या, आणि आम्हाला वाटायचं किडे वेचायला जातात. थंडीत सरपणाला तुराट्या ओढायला गेले तर आत सतरा अंडी. काही सडलेली, काही मुंगसानं फोडून चाटून पुसून टाकलेली. वासानं डोळ्यांत पाणी आलं. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, खड्डा करून ती अंडी पुरली आणि हात धुता धुता म्हणाल्या, "पोरी, बाईला बाळंतपणाला आडोसा लागतो का नाही? मग हिला नको?"

आत्याबाईंचं माहेर खुलताबादकडचं. त्यांच्या लहानपणी घरात कोंबड्यांचं वेगळं खुराडं नव्हतंच. रात्री डालग्याखाली झाकायच्या, सकाळी डालगं उचलायचं. पण अंड्याची जागा ठरलेली असायची: चुलीमागच्या अंधाऱ्या कोनाड्यात एक फुटकं टोपलं, त्यात काड, आणि आत कायम एक अंडं ठेवलेलं. ते अंडं उचलायचं नाही. बाकीची घ्यायची, ते राहू द्यायचं. त्याला आत्याबाई खुणेचं अंडं म्हणत. बघून बघून आलेली ही माहिती होती, आणि माझ्या घरात ती माझ्या शेजारीच बसलेली असताना मी घमेली मांडून मोकळी झाले होते.

पुढे पैठण रोडवरच्या कृषी विज्ञान केंद्रात एका दिवसाच्या प्रशिक्षणाला गेले तेव्हा यामागचं कारण कळलं. अंडं तयार व्हायला चोवीस-पंचवीस तास लागतात आणि त्यातले वीसेक तास एकट्या कवचाला जातात. अंडाशयातून बलक सुटतो तेव्हाच तिच्या रक्तात असे काही बदल होतात की दुसऱ्या दिवशी अंडं बाहेर यायच्या तास-दोन तास आधी ती आडोसा शोधायला लागते. जागा असो वा नसो, शोधणं टळत नाही. ही ओढ तिनं ठरवून आणलेली नसते, म्हणून दाणे टाकून ती मोडतही नाही. दुसरी गोष्ट त्याहून कामाची होती. पहिली चार-सहा अंडी जिथं पडतात तीच तिची जागा होऊन बसते. नंतर तुम्ही सोन्याची पेटी करून द्या, ती कोपऱ्यातच जाणार. म्हणून पेट्या अठराव्या आठवड्याला लागलेल्या पाहिजेत. पहिलं अंडं दिसल्यावर पेटी करायला घेणं म्हणजे वरात निघून गेल्यावर मांडव घालणं.

यंदा अठरा आठवडे डिसेंबरच्या मध्याला भरत होते. मी महिनाभर आधीच लाकूड बघायला लागले.

वाळूज औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग लाकडी चौकटींवर बांधून येतात. रिकाम्या झालेल्या चौकटी भंगारवाले घेतात आणि लाकूड किलोवर विकतात. हलकं, पांढरट, पाइनचं लाकूड असतं, खिळा सहज जातो. हे, म्हणजे माझे यजमान, वाळूजलाच एका कंपनीत आहेत, त्यांनी मला एक गोष्ट शिकवली. परदेशातून आलेल्या चौकटीवर शिक्का असतो. त्यात एचटी अशी अक्षरं असतील तर लाकूड तापवून त्यातली कीड मारलेली असते. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. एमबीच्या आणि तेलाचे डाग पडलेल्या फळ्या आम्ही तिथंच वेगळ्या काढल्या. कोंबडी पेटीत अर्धा-पाऊण तास पोट टेकून बसते, काड चोचीनं उचलते, फळी टोचते. तिच्यासाठी स्वस्तातलं लाकूड चालेल, विषारी चालणार नाही.

पेट्या माझ्या दिरानं केल्या. मी माप दिलं, भाऊजींनी करवत चालवली. पाच कोंबड्यांना एक पेटी पुरते, म्हणजे २५ ला पाच. मी सहा सांगितल्या, कारण एखादी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसली की ती पेटी तीन आठवडे अडते. प्रत्येक पेटी एक फूट रुंद, एक फूट खोल, चौदा इंच उंच. माप मोठं करायचा मोह होतो, तो टाळावा. मोठ्या पेटीत दोघी घुसतात, खालचं अंडं वरचीच्या नखानं तडकतं. कोंबडीला आत गेल्यावर तीन बाजूंनी फळी अंगाला लागेल न लागेल एवढी जवळ हवी असते. पुढच्या बाजूला खाली पाच इंचांची पट्टी, नाहीतर ती काड उकरून सगळं बाहेर टाकते. पट्टीच्या पुढे, सहा इंचांवर, उडून बसायला एक दांडी. वरचं झाकण उतरतं, चांगलं तिरकं, पाय ठरणार नाही असं. सपाट ठेवलं की रात्री त्यावर झोपतात आणि सकाळपर्यंत पेट्या माखून जातात.

फळ्या जोडायच्या आधी मी भाऊजींना प्रत्येक फळीला आतून रंधा मारायला लावला. ते म्हणाले, "वहिनी, कोंबडीच्या पेटीला एवढं गुळगुळीत कशाला?"

"हात फिरवून बघा भाऊजी," मी म्हणाले.

त्यांनी तळवा उलटा फिरवला आणि अंगठ्यात कुसळ गेलं. त्यानंतर त्यांनी मला काही विचारलं नाही. सहाही पेट्यांच्या कडा त्यांनी पॉलिश पेपरनं घासल्या, आणि आतून एक तरी खिळ्याचं टोक वर आलंय का हे टॉर्च लावून बघितलं.

जागेवरून घरात दोन मतं झाली. ह्यांचं म्हणणं होतं की पेट्या दारापाशी लावाव्यात, म्हणजे अंडी काढायला आत शिरायला नको. ऐकायला बरोबर वाटतं. पण दारातून सकाळचं ऊन आत येतं, दारातूनच आम्ही ये-जा करतो, कुत्रंही तिथंच घोटाळतं. कोंबडीला नेमकं हेच नको असतं. आम्ही मागच्या भिंतीचा, सगळ्यांत अंधारा कोपरा घेतला. जमिनीपासून दीड फूट उंचावर सहाही पेट्या एका ओळीत ठोकल्या. ऱ्होड आयलंड रेड अंगानं जड असते, दोन-अडीच फुटांवर पेटी ठेवली तर उतरताना आपटते. बसायचे बांबू मात्र मी अडीच फुटांवर, समोरच्या भिंतीला लावले. कोंबडी रात्री सगळ्यांत उंच जागा धरते. बांबू पेट्यांपेक्षा वर असेल तर झोपायला बांबूवर जाते आणि पेटी स्वच्छ राहते. दोन वर्षांपूर्वीच्या घमेल्यांचं सगळं दुखणं एवढ्या एका गोष्टीत होतं: खुराड्यात बसायला दुसरं काही नव्हतंच.

प्रत्येक पेटीच्या पुढच्या तोंडाला वरून अर्ध्यापर्यंत गोणपाटाचा तुकडा लावला, मधोमध चिरलेला. आत अंधार होतो, बाहेरून दुसरीला आतली दिसत नाही. पहिल्या दिवशी तलंगा त्या गोणपाटाला बिचकल्या. मग एकीनं चिरेतून मान घातली, बाहेर काढली, पुन्हा घातली. चार दिवसांत सगळ्याच आत डोकावून गेल्या.

काडाचं काम आत्याबाईंकडे होतं. साळीचं तूस आमच्याकडे मिळत नाही, लाकडाचा भुसा बारीक असला की ओल्या अंड्याला चिकटतो, सोयाबीनच्या भुसकटाचा धुरळा उडतो. त्यांनी गव्हाचं काड निवडलं, आदल्या उन्हाळ्यातलं, कोरडं खडखडीत. तळाला चुलीची चाळलेली राख पातळ पसरली, तिच्यावर कडुनिंबाचा वाळलेला पाला, आणि वर चार बोटं काड. राखेनं आणि पाल्यानं उवा-पिसवा कमी होतात. काड टाकल्यावर त्यांनी मूठ वळून मधोमध दाबलं आणि गोल फिरवलं, भाकरीच्या पिठाला खळगा करतात तसं. "सपाट राहिलं तर अंडं कडेला पळतं," त्या म्हणाल्या. सहा पेट्यांत सहा खळगे, सगळे एका मापाचे.

खुणेच्या अंड्याला खरं अंडं ठेवायची माझी तयारी नव्हती. जानेवारीतही दुपारी पत्र्याखाली ऊब असते, अंडं सडतं, आणि फुटलं तर पुन्हा तीच खोड. गणपतीच्या वेळची शाडू उरली होती. मुलीनं तिची सहा अंडी वळली, वाळवली, चुना लावला. दिसायला हुबेहूब. पण तलंगांनी दोन दिवसांत टोचून टोचून दोन उकलली, आणि टोचलं की फुटतं हेच तर मला त्यांना शिकवायचं नव्हतं. उरलेली चार त्याच दिवशी काढली. मग भाऊजींनी बाभळीच्या लाकडाची अंडी घासून दिली, जड, गुळगुळीत. त्यांवर चोच मारली की चोचच दुखते. दोन-तीन दिवस टोचून त्यांनी नाद सोडला.

शेजारचे एक शेतकरी हे सगळं बघून म्हणाले, "ताई, एवढा कुटाणा कशाला? पिंजरे घ्या. अंडं आपोआप घरंगळत पुढं येतं." त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. मोठ्या लेअर फार्मवर तसंच असतं: तारेचा उतरता तळ, पुढे पन्हळ, अंडं स्वच्छ, हाताळणी कमी, कामगार कमी. बाजारात आपण घेतो ती बहुतेक अंडी अशीच येतात, आणि स्वस्त अंड्यानं गरिबाच्या ताटात प्रथिनं पोचली हेही मी मानते. पण त्या तारेवर आडोसा नाही. मी एकदा असा फार्म बघितला आहे, आणि तो ओढलेला, कण्हल्यासारखा आवाज मला तिथं एका वेळी अनेक गळ्यांतून ऐकू आला. युरोपीय संघानं १९९९ च्या निर्देशानुसार साधे पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद केले, आणि मोकळ्या ठेवलेल्या दर सात कोंबड्यांमागे निदान एक घरटं सक्तीचं केलं. आपल्याकडे विधी आयोगानं २०१७ मध्ये आपल्या २६९ व्या अहवालात कोंबड्या कशा ठेवाव्यात याच्या नियमांचा मसुदा सरकारपुढे ठेवला. हे कायदे करणाऱ्यांचं काम आहे, त्यांनी ते करावं. माझ्या २५ पुरता निर्णय माझ्या हातात होता.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तलंगांचे तुरे बदलले. आधी फिकट गुलाबी, आखूड असलेले तुरे एकेकीचे लालबुंद होऊन एका बाजूला कलायला लागले. खाद्य टाकताना एकीच्या पाठीला हात लागला तर एरवी फडफडत पळणारी ती जागीच बसली, पंख जरा फाकवून, मान खाली घालून. अशी बसायला लागली की अंडं दोन-तीन आठवड्यांवर आलं. खात्री करायची असेल तर शेपटीखाली, अंड्याच्या वाटेच्या दोन बाजूंच्या हाडांमध्ये बोट लावून बघायचं. कच्च्या तलंगेची हाडं जवळजवळ असतात, एक बोटही मावत नाही. त्या दिवशी मी सात जणी पकडून बघितल्या, चौघींची दोन बोटांवर आली होती.

त्या आठवड्यापासून वाढीचं खाद्य कमी करत अंड्याचं खाद्य सुरू केलं. एका अंड्याच्या कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं; ते खाद्यातून मिळालं नाही तर कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते. शिंपल्याचा चुरा मी वेगळ्या भांड्यात ठेवला, जिला हवा ती खाते. फार लवकर मात्र हे खाद्य देऊ नये, कोवळ्या तलंगेच्या मूत्रपिंडाला ते जड जातं. दिव्याचं म्हणाल तर मोठे फार्म दिवे लावून सोळा तासांचा उजेड करतात, म्हणजे थंडीतही अंडी कमी होत नाहीत. मी दिवा लावला नाही. आपल्याकडे डिसेंबरच्या अखेरीस दिवस अकरा तासांच्या आतबाहेर असतो आणि तिथून तिळातिळानं वाढत जातो. त्यांनी त्याच्याबरोबर यावं, एवढी घाई मला नव्हती.

रोज संध्याकाळी अंधार पडायच्या आधी सहाही पेट्यांच्या तोंडावर मी फळी आडवी लावायचे आणि पहाटे साडेपाचला काढायचे. त्यामुळे कुणी आत झोपायला शिकली नाही. पण फळी काढायला उशीर करून चालत नाही. पहिली कोंबडी उजाडताच पेटी शोधते, आणि तिला फळी आडवी दिसली की ती कोपरा धरते. दोन वेळा माझा उशीर झाला आणि दोन्ही वेळा पेट्यांच्या खालच्या अंधारात काड उकरलेलं दिसलं. अंडं अजून आलं नव्हतं, पण जागा हेरली जात होती. त्याच दिवशी पेट्यांच्या खालची सगळी पोकळी विटांनी बंद केली.

पहिलं अंडं भोगीच्या दिवशी आलं. सकाळी बाजरीच्या भाकऱ्यांचं पीठ मळत होते, आणि मुलगी पळत आली. "आई, तिसऱ्या पेटीत कुणीतरी बसलंय." पिठाच्या हातानं गेले. गोणपाटाच्या चिरेतून विटकरी शेपूट दिसत होतं. आम्ही दाराबाहेरच थांबलो. आतून काड ओढल्याचा, उचलून पाठीवर टाकल्याचा बारीक आवाज येत होता. कोंबडी बसल्या बसल्या काड चोचीत धरते आणि मागे स्वतःच्या अंगावर टाकते, झाकून घेतल्यासारखं. मग बराच वेळ काहीच आवाज नाही. पंचवीस मिनिटांनी ती जरा उठली, पाय फाकवून उभी राहिली, अंगावरची पिसं फुलली, आणि पुन्हा बसली. थोड्या वेळानं गोणपाट सारून पट्टीवर आली, दांडीवर उतरली आणि ओरडायला लागली. ते ओरडणं गडापर्यंत गेलं असेल. कोंबडा धावत आला.

बाभळीच्या अंड्याला टेकून खरं अंडं होतं. गरम, अजून किंचित ओलसर, फिकट तपकिरी, एका टोकाला रक्ताची बारीक रेघ. पहिलटकरणीचं असतं तसं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं, ३८ ग्रॅम भरलं. आत्याबाईंनी ते हातात घेऊन दोन्ही डोळ्यांना लावलं. मी विचार करत होते की ती पाऊण तास चालली नाही. कण्हली नाही. तिला कुठं जायचं ते माहीत होतं.

नंतरचं भराभर झालं. संक्रांतीला दोन अंडी, आठवड्याअखेर पाच. सहा पेट्या असून तिसऱ्या पेटीपुढे रांग लागायची, हे मात्र मला आजही पूर्ण उमगलेलं नाही. शेजारची दुसरी तशीच, तेच काड, तोच खळगा, तोच अंधार. तरी तिघी दांडीवर ओळीनं बसून तिसरी रिकामी व्हायची वाट बघायच्या, आतलीवर खेकसायच्या. मी तिसरीतलं थोडं वापरलेलं काड काढून पहिलीत आणि पाचवीत टाकलं, तेव्हा त्या दोन पेट्यांना गिऱ्हाईक आलं. एका गिरिराजनं सहावी धरली आणि तिथं ती दुसऱ्या कुणाला येऊ देत नाही. काड दर रविवारी बदलते, ओलं झालं तर त्याच दिवशी. अंडी दिवसातून तीनदा काढते, दहाला, एकला आणि चारला. जितकी कमी वेळ पेटीत राहतील तितकी कमी फुटतात.

गावातल्या दोन बायकांनी माप नेलं आहे. एकीनं लाकडाऐवजी जाधववाडीच्या फळबाजारातून सफरचंदाच्या रिकाम्या पेट्या आणल्या, आडव्या ठेवल्या, पुढे पट्टी ठोकली. छान झाल्यात. दुसरीच्या तलंगा एकोणीस आठवड्यांच्या आहेत आणि तिचा नवरा म्हणतो अंडी यायला लागली की बघू. तिला मी काल जाऊन सांगून आले की या आठवड्यात लाव, पुढच्यात नको.

आज २८ फेब्रुवारी. वहीत लिहिलं आहे: अंडी १९, पेटीत १८, जमिनीवर १. जमिनीवरचं खाद्याच्या पिंपामागं सापडलं, तिथं सावली पडते. उद्या सकाळी पिंप भिंतीला टेकवून ठेवायचं आहे.